वाचक विचारतात : पावसाचं पाणी घरात शिरतंय, काय करू?

पहिला दणकून पाऊस झाला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम एकाच विषयाची होतात, म्हणून या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. मोठी पत्रं थोडी कापली आहेत, नावं-पत्ते छापत नाही. एक विनंती मात्र आधीच करते. बहुतेक पत्रांत विचारलेलं असतं की किती एचपीचा पंप घेऊ, कुठलं वॉटरप्रूफिंग करू, भिंत किती उंच बांधू. पण पाणी नेमकं कुठून येतं आणि त्याला बाहेर पडायला सखल जागा कुठे आहे, हे लिहिलेलंच नसतं. ते दोन मुद्दे आधी लिहा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं आणि ते माहीत नसताना केलेला खर्च बहुतेक वेळा पुढच्या पावसाळ्यात पाण्याबरोबर वाहून जातो.

प्रश्न : नमस्कार ताई, पुण्याच्या उपनगरात आमचा चार गुंठ्यांचा प्लॉट आणि त्यावर जुना बंगला आहे. बांधला तेव्हा अंगण रस्त्यापेक्षा वर होतं. नंतर दर काही वर्षांनी डांबराचा थर, मग त्यावर काँक्रीट, असं करत करत रस्ताच आता अंगणापेक्षा वीतभर वर गेलाय. जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचं पाणी गेटमधून आत येतं, पोर्चच्या बाजूने मागे जातं आणि मागच्या अंगणात तुंबतं, दोन वेळा तर हॉलमध्ये आलं. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं अंगण दोन फूट भरून घ्या, दुसरा म्हणतो मोठा पंप बसवा. वडील ७८ वर्षांचे आहेत, रात्री पाऊस लागला की टॉर्च घेऊन जागेच बसतात. काय करावं?

उत्तर : अंगण भरायचं आत्ताच ठरवू नका. दोन फूट भराव टाकला की तुमचं जोतं तेवढंच बुटकं होणार, जोत्यावर ओल अडवणारा जो थर असतो तो मातीखाली गेला तर भिंतींना खालून ओल चढायला लागेल, आणि तुमच्याकडचं पाणी शेजाऱ्याकडे जाऊन तिथे नवं भांडण उभं राहील ते वेगळंच. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट वर असलेलं बरं, ते आपल्या हाताने घालवू नका.

आधी एक काम करा, पैसे लागत नाहीत. पुढच्या चांगल्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. तुमच्याकडे दोन वेगळी पाणी आहेत, एक रस्त्यावरून येणारं आणि एक तुमच्याच गच्चीवर नि अंगणात पडणारं, आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. कुठलं आधी येतं, कुठून वळतं, कुठे थांबतं ते बघा, आणि पाणी सर्वात जास्त चढलं की भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवा. मग पाऊस उघडल्यावर गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पारदर्शक लेव्हल ट्यूब असते, त्यात पाणी भरून (बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर सगळी मापं चुकतात) रस्ता, गेट, पोर्च, मागचं अंगण, हॉलचा उंबरा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळच्या पावसाळी गटाराच्या चेंबरचा तळ, एवढ्या जागांची पातळी कागदावर लिहून घ्या. हा कागद हातात असल्याशिवाय कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरशी बोलू नका, खरंच सांगते.

आता रस्त्याचं पाणी. ते आत येऊच द्यायचं नाही. गेटपाशी ड्राइव्हवे उचलून रस्त्यापेक्षा चारेक इंच वर न्यायचा आणि तिथून आत उतरवत आणायचा. अंगण वीतभर खाली असेल तर एकूण उंची तेरा इंचाच्या आसपास होते, गाडीचं पोट घासू नये म्हणून एकास आठचा उतार धरला तरी आत साधारण नऊ फूट लांबी लागेल. पोर्चच्या आधी तेवढी जागा आहे का ते मोजा. आतला उतार तर आपल्याच हद्दीत ठेवायचा, आणि रस्त्याच्या बाजूचे ते चार इंचही गेटच्या रेषेच्या आतच संपवायचे, रस्त्यावर सिमेंट ओतून उंचवटे करू नका, त्याने रस्त्याकडेचं पाणी अडतं आणि वरच्या घरासमोर तुंबतं. उंचवट्याच्या आतल्या पायथ्याशी गेटच्या पूर्ण रुंदीचा एक आडवा चर घ्या, नऊ इंच रुंद, फूटभर खोल, तळाला एका बाजूला उतार, वर गाडीचं वजन पेलणारी लोखंडी जाळी. जाळी दोन-तीन तुकड्यांत आणि एकट्या माणसाला उचलता येईल अशी करा, जाम बसवलेली जाळी कुणीच साफ करत नाही आणि मग चर नुसता नावाला राहतो. चर जिथे संपतो तिथे छोटं चेंबर करा, त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाईपपेक्षा फूटभर खोल ठेवा, गाळ आणि पानं तिथे बसतात, पाईप मोकळा राहतो.

कंपाऊंड वॉलला रस्त्याच्या बाजूने खाली भोकं असतील तर तिथूनही पाणी आत येत असणार, ती बुजवा. मागच्या बाजूची भोकं मात्र बघून-समजून, कारण आज तुमचं पाणी कदाचित तिथूनच बाहेर पडत असेल.

मग राहिलं तुमचं स्वतःचं पाणी. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चार गुंठे म्हणजे साधारण ४०० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत तुमच्या प्लॉटवर वीस हजार लिटर पडतं, म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर. थोडं मुरतं, पण फरशी आणि गच्ची जास्त असेल तर फार नाही. चार इंची पाईप शंभराला एकच्या उतारावर गच्च भरून वाहिला तर सेकंदाला सहाएक लिटर नेतो, तोही नवा कोरा आणि स्वच्छ असेल तरच. म्हणून सहा इंची टाका. किमतीत फरक फार नाही पण पाणी जवळपास तिप्पट जातं.

हा पाईप कुठे सोडायचा, सगळं इथेच अडतं. तुमच्या कागदावर गटाराच्या चेंबरचा तळ मागच्या अंगणापेक्षा खाली असेल तर नशीब चांगलं, परवानगी घेऊन उताराने जोडा, पंप लागणारच नाही. वर असेल तर मागच्या सखल कोपऱ्यात संप (पाणी गोळा करायचा खड्डा) करून पंप लावावा लागेल. पंप घेताना एचपी विचारू नका, चार मीटर हेडला, म्हणजे पाणी तेवढं वर चढवताना, सेकंदाला किती लिटर फेकतो ते विचारा, तुम्हाला साडेपाच-सहा हवेत. आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच असू दे, आणि मोठ्या पावसात लाईट हमखास जाते म्हणून इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर चालेल असं वायरिंग करा, नाहीतर ज्या रात्रीसाठी पंप घेतला त्याच रात्री तो बंद. संडासाच्या ड्रेनेज लाईनला पावसाचं पाणी जोडायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलवू नका. ती लाईन एवढ्या पाण्यासाठी नसतेच, भरली की मैला तुमच्या किंवा खालच्या घरात उलटा येतो.

रस्त्याबद्दल वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. मागणी नेमकी लिहा : पुढचा थर टाकण्याआधी जुना थर खरवडून काढावा, पावसाळी गटाराची तोंडं नव्या रस्त्याच्या पातळीला आणावीत आणि मे महिन्याच्या आत साफ करावीत. फोटो आणि लेव्हलचा तो कागद सोबत जोडा. अर्जाची पोचपावती घ्या, तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो.

आणि वडिलांसाठी, मागच्या अंगणात पाण्याचा अलार्म बसवा. सेन्सर पाण्याला लागला की घरात बझर वाजतो, फार महाग नसतो. सगळं काम होईपर्यंत निदान त्यांना झोपता येईल.

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात उताराच्या पायथ्याशी आहे, आजोबांनी बांधलेलं. वरची जागा दोन वर्षांपूर्वी विकली गेली, नव्या मालकांनी जेसीबी लावून सपाट केली, झाडं काढली, चिऱ्याचं कंपाऊंड घातलं आणि आतलं सगळं पाणी एका पाईपने थेट आमच्या परसात सोडलं. आधी ते पाणी गडग्याच्या (सुक्या दगडी बांधाच्या) फटींतून पसरून यायचं आणि बाजूच्या पऱ्ह्यात (ओहोळात) जायचं. आता मागच्या पडवीत चिखल येतो, विहिरीचं पाणी गढूळ झालंय. ते म्हणतात उतार तुमच्याकडेच आहे, पाणी खालीच जाणार, कायदा आमच्या बाजूने आहे. खरंच आहे का?

उत्तर : अर्धंच खरं आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे वकील मंडळी ज्याला ईझमेंट ॲक्ट म्हणतात त्यात, असं आहे की वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे पडणारं आणि ठरावीक प्रवाहात नसलेलं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहत येऊ द्यायला खालच्या मालकाने आडकाठी करू नये. पण यातला नैसर्गिकपणे हा शब्द तुमच्या शेजाऱ्यांनी सोडून दिलाय. सपाटीकरण करून, भिंत घालून, पाणी गोळा करून एका पाईपमधून एका जागी ओतणं याला नैसर्गिक वाहणं म्हणत नाहीत. पूर्वी पसरून येणारं पाणी गोळा करून तुमच्या पडवीवर सोडलं आणि त्याने नुकसान झालं तर दिवाणी न्यायालयात त्याविरुद्ध मनाई मागता येते. आणि तुमच्या परसात माड-पोफळी किंवा शेती असेल आणि पाण्याची नैसर्गिक वाट कुणी अडवल्यामुळे तिचं नुकसान होत असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडेही जाता येतं, मात्र तिथे सहा महिन्यांची मुदत आहे, पऱ्ह्याकडची वाट अडवली गेली असेल तर ती कधी अडवली ती तारीख धरून चला. दोन वर्षं होऊन गेली असतील तर तो रस्ता बहुतेक बंद झालाय, वकिलांना भेटून दिवाणीचंच विचारा.

पण कोर्टाआधी बोलून बघा, आणि बोलताना तक्रार घेऊन जाऊ नका, उपाय घेऊन जा. त्यांच्या कंपाऊंडच्या आतून, हद्दीला समांतर एक दगडी बांधणीचा चर काढून पाणी पऱ्ह्यापर्यंत न्यायचं, उतार हलका, जिथे तीव्र उतार येईल तिथे पायऱ्या करून, म्हणजे पाणी धाड-धाड उड्या मारत माती खणत जाणार नाही. खर्च निम्मा-निम्मा करा. तुम्हाला हा अन्याय वाटेल, मला कळतं, पण चार वर्षं तारखांना कोर्टात खेपा घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि पुढच्या पावसाआधी होतं.

हा चर मातीचा उघडा ठेवू नका, हे फार महत्त्वाचं. उताराच्या डोक्यावर मातीचा चर म्हणजे पाणी मुरवायची सोय, आणि कोकणात जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी चिकण माती असते, ती भिजली की वरचा सगळा भार सुटतो. त्यामुळे तळ आणि कडा दगडाने, सांधे भरून बांधून घ्या. तुमच्या मागच्या कापलेल्या उताराला तुम्ही स्वतः भिंत बांधणार असाल तर ती बिनभोकाची काँक्रीटची भिंत अजिबात नको. मागे पाणी साठून दाब वाढतो आणि भिंत पुढे येते. दर चार-पाच फुटांवर चार इंची पाईपचे तुकडे बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवून सोडा आणि मागे खडीचा थर भरा. आपल्या आजोबांच्या पिढीचा सुका गडगा फटींमुळेच टिकायचा, पाणी अडवायचा नाही, वाट द्यायचा.

आता एक गोष्ट वेगळी काढून लिहिते. वरच्या उतारावर जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचा खांब कलला, जिथे कधी झरा नव्हता तिथून गढूळ पाणी फुटलं किंवा घराची दारं अचानक अडकायला लागली, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, माणसं तिथून हलवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी इथे दरडी कोसळल्या, तिन्ही वेळा मोठा पाऊस चालू होता. भेग दिसल्यावर त्या पावसाळ्यात पायथ्याला खणायचं नाही, चर नाही, भिंत नाही, काही नाही. उन्हाळ्यात भूगर्भतज्ज्ञाला दाखवून मग पुढचं ठरवायचं.

प्रश्न : मुंबईत कुर्ल्याजवळ आमची तीस वर्षं जुनी सोसायटी आहे. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की तळमजल्यावरच्या दोन घरांत बाथरूमच्या जाळीतून आणि संडासातून उलटं पाणी येतं. बाहेर रस्त्यावर घोटाभर असतं तेव्हाच आत यायला लागतं. वरच्या मजल्यावरचे म्हणतात की हा त्या दोन घरांचा प्रश्न आहे, सोसायटीचा पैसा का घालायचा? मी सेक्रेटरी आहे, दोन्हीकडून शिव्या खातो.

उत्तर : शिव्या खाऊ नका, पैसा सोसायटीचाच लागणार. ड्रेनेज लाईन सगळ्या इमारतीची आहे, वरच्या मजल्यांचं पाणी त्याच लाईनने जातं आणि बाहेरची लाईन भरली की ते सगळ्यात खालच्या भोकातून बाहेर पडतं. म्हणजे तळमजल्याच्या घरात येणाऱ्या पाण्यात वरच्याच लोकांच्या मोरीचंही पाणी असतं. सर्वसाधारण सभेत हे असंच स्पष्ट सांगा.

भरतीचा संबंध असा. मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, अशी धरलेली होती. पुढे ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारायच्या योजनेत ती ५० मिलिमीटर धरून कामं सुरू झाली, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. पण समुद्रात उघडणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे मोठ्या भरतीत पाणी बाहेर जात नाही, मागे साठतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्याला कुठलंच गटार पुरलं नसतं. तुमचा त्रास मात्र त्या दर्जाचा नाहीये. रस्त्यावर घोटाभर असताना घरात पाणी येतंय म्हणजे इमारतीच्या आवारातच काहीतरी गडबड आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

कोरड्या दिवशी प्लंबरला घेऊन आवारातलं एकेक चेंबर उघडा. गच्चीचं पाणी आणणारा पाईप नेमका कुठल्या चेंबरमध्ये पडतो ते बघायचंय. गच्चीवर एका पाईपच्या तोंडाशी रंग घातलेलं पाणी ओता, खाली कुठे दिसतं ते बघा, मग दुसरा पाईप. जुन्या इमारतींत कधीतरी दुरुस्ती करताना पावसाचा पाईप सोयीचा म्हणून मैल्याच्या चेंबरला जोडून टाकलेला असतो आणि मग कुणालाच आठवत नाही. असा एक जरी सापडला तरी तो काढून पावसाळी गटाराकडे वळवा, यानेच बराच फरक पडेल.

त्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप. इथे बहुतेक सोसायट्या चुकीच्या जागी पैसे घालतात. तो सगळ्या इमारतीच्या बाहेर जाणाऱ्या मुख्य लाईनवर बसवला तर बाहेरचं पाणी थांबेल, पण आतलं वरच्या मजल्यांचं पाणीही अडेल आणि पुन्हा तळमजल्यातच वर येईल. म्हणून तळमजल्याच्या घरांची लाईन वरच्या मजल्यांपासून वेगळी करा आणि व्हॉल्व्ह फक्त त्या वेगळ्या लाईनवर, चेंबरमध्ये, हात घालून साफ करता येईल असा बसवा. झडपेत केस, चिंध्या, प्लॅस्टिक अडकलं की ती उघडीच राहते, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला वॉचमनकडून तपासून घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना त्या दोन घरांनीही मोरीत पाणी ओतायचं नाही, कारण त्यांचंही जाणार नाही. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

याच खर्चात आणखी थोडं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आवाराच्या पातळीला असेल तर त्याला निदान दीड-दोन फुटांचा कट्टा बांधून घ्या, पिण्याच्या पाण्यात एकदा गटार मिसळलं की अख्खी बिल्डिंग आजारी पडते. मीटरचं बोर्ड खाली असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून वर घ्या. पाणी चढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिथेच बंद करून ठेवायची, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं आणि लिफ्ट खाली आली तर दुरुस्ती लाखात जाते. आणि ज्यांना त्या पाण्यातून चालावं लागलं, पायाला जखम असो-नसो, त्यांनी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) औषध लागेल का हे लगेच डॉक्टरांना विचारावं, ताप यायची वाट बघू नये.

प्रश्न : परभणीत घर आहे, काळी माती. पाणी मुरावं म्हणून घराला लागूनच शोषखड्डा केला, तर तो पहिल्या आठवड्यातच भरला आणि आता महिनाभर तसाच आहे. शिवाय घराच्या कोपऱ्याला तडा गेलाय. शोषखड्डा अजून मोठा करू का?

उत्तर : नाही, आहे तो बंद करा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि एकदा फुगली की पाणी आत घेतच नाही. पायाला लागून तुम्ही कायमची ओल ठेवलीत म्हणून तो एक कोपरा बाकी घरापेक्षा वेगळा हलतोय, तडा त्याचाच असणार, तरी एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खड्ड्यातलं पाणी उपसून तो दाबून भरून घ्या. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करा आणि गच्चीचे सगळे पाईप पायापासून निदान दहा फूट लांब नेऊन सोडा.

मुरवायचंच असेल तर आधी तपासा. लांबच्या कोपऱ्यात दोन-तीन फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला अर्धा इंचही उतरत नसेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. तुमच्याकडे काही ठिकाणी काळ्या मातीखाली सहा-आठ फुटांवर मुरूम लागतो. तसा लागला तर मुरमात दोन-तीन फूट आत जाईपर्यंत खणून मोठे दगड, खडी, वाळू असं भरा, मग पाणी घेईल. बोअर असेल तर गच्चीचं स्वच्छ पाणी फिल्टरमधून बोअरला द्या, अंगणातलं मात्र नको.

प्रश्न : अंगणात चिखल होतो म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले. आता चिखल नाही पण पाणी पायरीपर्यंत येतं. ब्लॉकच्या फटीतून पाणी मुरतं असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

उत्तर : ब्लॉकखाली काय घातलंय ते बघा. खाली सिमेंटचा कोबा असेल तर फटीतून मुरायला जागाच नाही, ते अंगण आता गच्चीसारखंच वागणार. कोबा नसेल, नुसती दाबलेली दगडाची कच असेल तर थोडं मुरतं पण जोराच्या सरीला पुरत नाही. एक-दोन ओळी काढून घराच्या विरुद्ध बाजूला खडी भरलेला चर घ्या आणि ब्लॉकचा उतार तिकडे करून परत बसवा, दहा फुटाला दोन इंच उतार पुरतो. झाडांच्या आळ्याभोवतीचे ब्लॉक काढून टाका, पाणी मुरेल आणि झाडंही जगतील.

प्रश्न : मुलगा पुण्यात फ्लॅट बघतोय. एक स्वस्तात मिळतोय, मागे नाला आहे पण बिल्डर म्हणतो भिंत बांधलीय, काही होत नाही. आम्हाला २०१९ चं आठवतंय. घ्यावा का?

उत्तर : आठवतंय ते चांगलं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा भिंती होत्याच की, त्याच पडून पाणी सोसायट्यांमध्ये आणि वस्त्यांमध्ये घुसलं, माणसं गेली. त्यामुळे भिंत आहे हे ऐकून निश्चिंत होऊ नका, उलट ओढ्याचं पात्र किती अरुंद केलंय ते विचारा. गावनकाशावर ओढा किती रुंद दाखवलाय आणि आज जागेवर किती उरलाय हे दोन आकडे समोरासमोर ठेवा, फार फरक असेल तर विषय तिथेच संपवा. नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा विकास आराखड्यावर बघा, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. छोट्या ओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशी रेषाच आखलेली नसते, म्हणून रेषा नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नका. उपग्रहाचे जुने फोटो मोबाईलवर फुकट बघता येतात, दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्या जागेवर काय होतं ते बघा.

आणि पावसात जा, बिल्डरच्या माणसाला न सांगता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा की पाणी कुठपर्यंत येतं. पार्किंगच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला ताजा रंग आणि वर जुना असेल तर का, ते विचारा. पार्किंग बेसमेंटमध्ये असेल तर मी तरी घेऊ नका म्हणेन, कितीही स्वस्त असला तरी.

प्रश्न : घरात पाणी आलं तर इन्शुरन्स मिळतो का? कुणी म्हणतं मिळतो, कुणी म्हणतं नाही.

उत्तर : घराची पॉलिसी असेल तर मिळतो, बहुतेकांकडे ती नसतेच, होम लोनबरोबर घेतलेला असतो तो आयुर्विमा असतो आणि माणसं समजतात घराचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यायला सुरुवात केली, तिच्यात वादळ, पूर, पाणी शिरणं आणि दरड यांचं नुकसान येतं. हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचं नुकसान मात्र येत नाही. पाणी आलं की मेन स्विच बंद करा (तिथपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला फोन करून बाहेरून बंद करायला सांगा), मग साफसफाई सुरू करायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे आणि भिजलेल्या वस्तूंचे फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू फेकू नका. गादी-फर्निचर कुजायला लागलं आणि ठेवणं शक्यच नसेल तर कंपनीला ईमेल करून, फोटो पाठवून मगच काढा. कार आणि स्कूटर या पॉलिसीत येत नाहीत, त्यांचा दावा गाडीच्या स्वतःच्या पॉलिसीवर करायचा, आणि पाण्यात बुडलेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, तशीच टो करून न्यायची.